कमी मात्रेत पक्कं नॉकडाउन: हेला पेशींतल्या लॅमिनवर एसआयआरएनए

नॉकडाउन (म्हणजे एखादं जनुक दाबणं) साठ-सत्तर टक्क्यांवर अडकलं की प्रयोगशाळेत हमखास एक सूचना येते: एसआयआरएनए, म्हणजे जनुक दाबणारा आरएनएचा छोटा दुपेडी तुकडा, दुप्पट टाका. आमच्या मते हा उपाय सगळ्यात शेवटी करायचा. मात्रा वाढवली की हवं ते जनुक आणखी थोडं दबतं, पण सोबत नको ती जनुकंही दबायला लागतात. मग पेशींत दिसलेला बदल नेमका कशामुळे झाला, हे कुणालाच सांगता येत नाही. घोडं कुठल्या टप्प्यावर अडलंय हे आधी शोधलं, तर बहुतेक वेळा 5 ते 10 नॅनोमोलरमध्ये काम होतं. कधी 1 नॅनोमोलरही पुरतं.

हे सगळं एका जुन्या, नीट अभ्यासलेल्या लक्ष्यावर मांडतो: हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींतलं लॅमिन ए/सी, म्हणजे केंद्रकाच्या आतल्या अस्तराचं प्रथिन. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये सूत्रकृमीत दाखवून दिलं की दुपेडी आरएनएने जनुक गप्प करता येतं. माणसाच्या पेशींत मात्र 30 बेस-जोड्यांहून लांब दुपेडी आरएनए शिरला की पेशी त्याला विषाणू समजतात. पीकेआर आणि इंटरफेरॉनची विषाणूविरोधी यंत्रणा जागी होते आणि सरसकट सगळीच प्रथिननिर्मिती मंदावते. 2001 मध्ये थॉमस टुश्ल यांच्या गटाने 21 न्यूक्लिओटाइडचे (म्हणजे अक्षरांचे) छोटे तुकडे वापरून ही अडचण ओलांडली. त्यांनी दाबलेल्या जनुकांमध्ये लॅमिन ए/सी होतं. तो क्रम आजही शिकायला आणि शिकवायला उत्तम आहे, कारण चांगल्या एसआयआरएनएची बहुतेक लक्षणं त्यात उघडपणे दिसतात.

त्या क्रमाचा सेन्स धागा (जनुकाच्या क्रमासारखाच असलेला) 5-प्राइम टोकाकडून, म्हणजे सुरुवातीकडून, वाचला तर ए, यू, जी, सी या चार अक्षरांत असा आहे: सीयूजीजी एसीयूयू सीसीएजी एएजीए एसीए. त्याचा जोडीदार, म्हणजे लक्ष्यावर जाऊन जुळणारा अँटिसेन्स किंवा गाइड धागा: यूजीयूयू सीयूयूसी यूजीजीए एजीयूसी सीएजी. दोन्हींच्या 3-प्राइम, म्हणजे शेवटच्या, टोकाला दोन-दोन डीऑक्सीथायमिडिन लोंबतात. 19 पैकी 9 अक्षरं जी किंवा सी आहेत, म्हणजे 47 टक्के. 30 ते 52 टक्क्यांच्या दरम्यान राहिलं की बरं. त्याहून जास्त असेल तर धागे एकमेकांपासून सुटत नाहीत, कमी असेल तर लक्ष्यावरची पकड सैल पडते.

जास्त महत्त्वाची आहेत ती दोन टोकं. अर्गोनॉट-2 हे एमआरएनए (जनुकाचा प्रथिन बनवण्यासाठीचा निरोप) कापणारं प्रथिन दोनपैकी एकच धागा ठेवून घेतं, आणि ज्याचं 5-प्राइम टोक सैल बांधलेलं असेल त्याला झुकतं माप देतं. 2003 मध्ये हा नियम स्पष्ट झाला. इथे गाइडची पहिली चार अक्षरं यू, जी, यू, यू आहेत: तीन जोड्या कच्च्या (ए-यू), एक पक्की (जी-सी). सेन्सची पहिली चार सी, यू, जी, जी: तीन पक्क्या, एक कच्ची. त्यामुळे गाइडच आत बसतो. हे गणित उलटं पडलं तर यंत्रणेत सेन्स धागा भरला जातो. मग मात्रा कितीही वाढवा, लॅमिनचा एमआरएनए तसाच राहतो आणि भलतीच जनुकं दबतात. मागवलेला एसआयआरएनए मुळीच चालत नसेल, तर आम्ही आधी कागद घेऊन ही आठ अक्षरं तपासतो.

गाइडची 2 ते 8 ही अक्षरं म्हणजे सीड: इथे जीयूयूसीयूयूसी. साऱ्या गोंधळाचं मूळ हेच. ही सात अक्षरं एखाद्या एमआरएनएच्या शेपटीकडच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या (3-प्राइम अनुवादरहित) भागात जुळली, तर एसआयआरएनए मायक्रोआरएनएसारखा (पेशीच्या स्वतःच्या, जनुकं दाबणाऱ्या छोट्या आरएनएसारखा) वागू लागतो आणि ते जनुक थोडंफार दाबतो. कोणताही सात अक्षरी क्रम योगायोगाने सुमारे 16,384 अक्षरांत एकदा येतो. माणसाच्या हजारो एमआरएनएंचे हे भाग जोडून पाहिले तर शेकडो जुळण्या सहज निघतात. ब्लास्ट या क्रम शोधणाऱ्या साधनाने पूर्ण 19 अक्षरं शोधून "दुसरीकडे कुठे जुळत नाही" असा निर्वाळा मिळाला, तरी सीडबद्दल त्यातून काहीच कळत नाही. म्हणून क्रम निवडतानाच सीडच्या जुळण्या मोजणारं साधन वापरावं आणि कमी जुळण्यांचा क्रम घ्यावा. परवडत असेल तर गाइडच्या दुसऱ्या अक्षरावर 2-प्राइम-ओ-मिथाइल हा रासायनिक बदल करून मागवावा. लक्ष्य कापण्याची क्षमता त्याने बहुतांशी शाबूत राहते, सीडमुळे होणारा त्रास मात्र बराच घटतो. या एका बदलाने जेवढं मिळतं, तेवढं मात्रेशी खेळून मिळत नाही.

कोरडा एसआयआरएनए साध्या तापमानाला आठवडाभराचा प्रवास सहज सोसतो, त्यामुळे पार्सल कोरड्या बर्फाशिवाय आलं म्हणून घाबरू नये. कुपी मात्र फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज करायची. मुंबईच्या पावसाळी हवेत गार कुपी उघडली की आत दव धरतं. शिवाय भुकटी झाकणाला चिकटलेली असेल तर ती उडून जाते आणि नंतरची सगळी मापं चुकतात. 5 नॅनोमोलची कुपी असेल तर आरएनेज-मुक्त बफर 250 मायक्रोलिटर घातला की 20 मायक्रोमोलरचा साठा होतो. बफर साधाच असतो: 60 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, 6 मिलिमोलर हेपेस पीएच 7.5, 0.2 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. नुसतं पाणी वापरलं तरी चालतं, पण क्षार नसताना द्रावण तापलं तर धागे सुटे होऊ शकतात. 21 अक्षरी जोडीचा रेणुभार सुमारे 13,300 धरला तर 20 मायक्रोमोलरच्या साठ्याचं नॅनोड्रॉप या मोजयंत्रावर साधारण 266 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर वाचन यायला हवं. ते 180 आलं तर पुढचे सगळे आकडे तेवढ्या प्रमाणात खोटे ठरणार, म्हणून हे वाचन घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. यातूनच 1 मायक्रोमोलरचा कामचलाऊ साठा करून 50-50 मायक्रोलिटरचे अलिकॉट (वेगळे छोटे वाटे) पाडायचे. आपोआप दव वितळवणाऱ्या घरगुती पद्धतीच्या फ्रीजरमध्ये ते ठेवू नयेत. तिथलं तापमान सतत खालीवर होतं.

पेशींबाबत एवढंच: कुठून आल्या याची नोंद असावी, मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची पीसीआर चाचणी ताजी असावी आणि पासेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाढवायच्या फेऱ्या) फार पुढे गेलेले नसावेत. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून हेला मिळतात. शेजारच्या प्रयोगशाळेतून उसन्या आणलेल्या, कुणाला पासेज ठाऊक नसलेल्या फ्लास्कवर महिनाभराचं काम उभं करू नये. मायकोप्लाझ्मा असेल तर पेशी वरवर ठणठणीत दिसतात, पण ट्रान्सफेक्शन (पेशीत एसआयआरएनए शिरवणं) कधी लागतं, कधी लागत नाही, आणि कारण सापडत नाही.

ट्रान्सफेक्शन आम्ही उलट्या पद्धतीने करतो, म्हणजे आधी वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) मिश्रण आणि वरून पेशी. 24 वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला 100 मायक्रोलिटर ऑप्टि-मेम (मिश्रणाचं माध्यम), त्यात 1 मायक्रोमोलर साठ्यातले 6 मायक्रोलिटर, म्हणजे 6 पिकोमोल एसआयआरएनए. हलक्या हाताने मिसळायचं, त्यावर 1 मायक्रोलिटर लिपोफेक्टामिन आरएनएआयमॅक्स हे लिपिड घालायचं, पुन्हा हलकेच मिसळून 10 ते 20 मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवायचं. मग त्यावर 500 मायक्रोलिटर माध्यमात 25,000 पेशी. एकूण आकारमान 600 मायक्रोलिटरच्या आसपास, म्हणजे एसआयआरएनएची मात्रा सुमारे 10 नॅनोमोलर. 20 मायक्रोमोलरच्या साठ्यातून हेच करायला गेलं तर प्रत्येक वेलला 0.3 मायक्रोलिटर घ्यावे लागतात. एवढं माप कुठल्याही पिपेटने भरवशाचं येत नाही. एकाच नमुन्याच्या तीन वेलमध्ये मोठी तफावत येते, ती बहुतेक वेळा इथेच जन्मते. लिपिडही एकेका मायक्रोलिटरने घालण्यापेक्षा सगळ्या वेलसाठी एकत्र, दहा टक्के जास्तीचं मिश्रण करून वाटावं.

मिश्रण बनताना सीरम नको, कारण त्यातली प्रथिनं लिपिड आणि आरएनए यांच्या मध्ये येतात. एकदा मिश्रण तयार झालं की 10 टक्के सीरमच्या माध्यमातल्या पेशी खुशाल घालाव्यात. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन मात्र पहिला दिवसभर टाळावं. लिपिडमुळे पेशीत एरवी न शिरणारं औषधही शिरतं आणि पेशी मरतात. लिपिडची बाटली 4 अंशांवर ठेवायची. कुणी ती चुकून गोठवली असेल तर सरळ फेकून द्यावी. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवण्याआधी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवायची. गोल फिरवली तर पेशी मधोमध गोळा होतात. दाटीतल्या पेशींना मिश्रण कमी मिळतं आणि कडेच्यांना जास्त. पेशी घातल्यावर प्लेट दहा मिनिटं हूडमध्येच सपाट राहू दिली तर थर सारखा बसतो.

प्रत्येक प्लेटवर किमान चार गोष्टी असाव्यात: काहीच न केलेल्या पेशी, नुसतं लिपिड, कुठलंही मानवी जनुक लक्ष्य न करणारा एसआयआरएनए, आणि केआयएफ11 किंवा पीएलके1 या विभाजनाला लागणाऱ्या जनुकांवरचा एसआयआरएनए. शेवटचा फार उपयोगी. केआयएफ11 दबलं की पेशी विभाजनाच्या मध्येच अडकतात, गोल होतात आणि दुसऱ्या दिवशी साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात. तिथे निम्म्याच पेशी गोल झालेल्या असतील तर दोष एसआयआरएनएच्या रचनेत नाही, पेशीत शिरण्याच्या टप्प्यात आहे. चमकणारं लेबल लावलेला एसआयआरएनए या कामाला पुरत नाही. त्याचे ठिपके पेशीत गेल्याचं दाखवतात, पण त्यातले बहुतेक एंडोसोममध्येच (पेशी बाहेरचा माल गिळते त्या पिशवीत) अडकून पडलेले असतात. लिपिड नॅनोकणांवर झालेल्या मोजणीत आत शिरलेल्या एसआयआरएनएपैकी जेमतेम एक-दोन टक्केच एंडोसोमबाहेर पडतो असं दिसलं आहे. तेव्हा उजळ ठिपके पाहून खूश होऊ नये.

मोजमाप इथे जितकं दिसतं तितकं सरळ नाही. एमआरएनए 24 ते 48 तासांनी पाहायचा. क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजण्याच्या चाचणीत) नियंत्रणापेक्षा एक सीटी (एक चक्र) उशीर म्हणजे निम्मा एमआरएनए शिल्लक, दोन म्हणजे पाव, 3.3 म्हणजे दहा टक्के. तुलना लक्ष्यहीन एसआयआरएनएशीच करायची, काहीच न केलेल्या पेशींशी नाही, कारण लिपिडचाही थोडा परिणाम असतोच. प्रायमर (मोजायच्या भागाची टोकं ठरवणारे तुकडे) कुठे ठेवता याला इथे फार महत्त्व आहे. अर्गोनॉट गाइडच्या 10 आणि 11 या अक्षरांच्या मध्ये समोरचा एमआरएनए कापतं, म्हणजे आपल्या क्रमात सेन्सच्या नवव्या आणि दहाव्या अक्षरांमध्ये, दोन सींच्या मधोमध. कापल्यावर शेपटीकडचा तुकडा कधीकधी लगेच विरघळत नाही. सीडीएनए (आरएनएवरून केलेली डीएनए प्रत) ओलिगो-डीटीने, म्हणजे शेपटीकडून, केला आणि प्रायमर कापाच्या शेपटीकडे असले, तर तो मेलेला तुकडाही जिवंत एमआरएनए म्हणून मोजला जातो. प्रायमर कापाच्या दोन्ही बाजूंना ठेवले की हा घोळ राहत नाही. संदर्भ जनुक म्हणून एचपीआरटी1 आणि टीबीपी ही दोन्ही घ्यावीत. एकट्या जीएपीडीएचवर विसंबू नये, कारण त्याची छद्मजनुकं (निकामी प्रती) पुष्कळ आहेत आणि डीएनेजमधून सुटलेला जीनोमिक डीएनए तिथे दगा देतो.

एमआरएनए 24 तासांत दहा-पंधरा टक्क्यांवर आला आणि तरी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन मोजण्याच्या चाचणीत) लॅमिन जसंच्या तसं दिसलं, तर एसआयआरएनएला दोष देऊ नये. लॅमिन टिकाऊ प्रथिन आहे. नवीन बनणं पूर्ण थांबलं तरी जुनं जागचं हलत नाही. फक्त पेशी विभागल्या की वाटलं जातं. हेला साधारण दिवसाला एकदा दुप्पट होतात असं धरलं तर 24 तासांनी निम्मं, 48 तासांनी पाव आणि 72 तासांनी अष्टमांश, म्हणजे 12.5 टक्के उरणार. प्रत्यक्षात थोडा एमआरएनए शिल्लक असतोच, त्यामुळे याहून थोडं जास्तच दिसतं. म्हणून लॅमिनसाठी आम्ही प्रथिन 72 तासांनी पाहतो. सुरुवातीला पेशी 25,000 च का, याचं उत्तरही यातच आहे: तीन दिवसांत त्या दोन लाखांवर जातात आणि वेल नुकता भरत आलेला असतो. जास्त घातल्या तर दुसऱ्याच दिवशी गर्दी होऊन विभाजन थांबतं आणि लॅमिनचं वाटपही थांबतं. न विभागणाऱ्या पेशींत ही सोय नसते. तिथे प्रथिनाचं स्वतःचं आयुष्य संपेपर्यंत थांबावं लागतं. त्या बदल्यात एसआयआरएनएही पातळ होत जात नाही आणि परिणाम बराच जास्त टिकतो.

वेस्टर्नमध्ये लॅमिनची एक खास खोड आहे. ते केंद्रकाच्या आतल्या अस्तरात घट्ट विणलेलं असतं आणि नेहमीच्या रिपा बफरमध्ये पूर्ण विरघळत नाही. नळी फिरवून वरचं द्रावण घेतलं तर लॅमिनचा मोठा हिस्सा खालच्या गोळ्यात राहतो. किती राहतो हे नळीगणिक बदलतं, आणि मग नॉकडाउन नसताना नॉकडाउन दिसतं. पेशी थेट लॅमली बफरमध्ये विरघळवाव्यात, सोनिकेटरने डीएनएचा चिकटपणा मोडावा, 95 अंशांवर पाच मिनिटं तापवावं आणि काहीही न फेकता सगळंच जेलवर चढवावं. लॅमिन ए 74 आणि लॅमिन सी 65 किलोडाल्टनच्या आसपास, असे दोन बँड दिसतात. दोन्ही एकाच जनुकाचे आहेत आणि आपला क्रम दोघांच्या सामाईक भागात आहे, तेव्हा ते जोडीनेच फिके पडायला हवेत. एकच पडला तर अँटिबॉडी किंवा जेल तपासा. त्याच ब्लॉटवर नियंत्रण नमुन्याची पायरी लावावी: 100, 50, 25, 12.5 आणि 6.25 टक्के. नॉकडाउनचा बँड त्यातल्या कुठल्या पायरीशी जुळतो ते डोळ्यांनी दिसतं. पायरी नसेल तर "90 टक्के नॉकडाउन" या दाव्याला आधार नाही, कारण बँडची उजळता प्रमाणाच्या सरळ पटीत चढत नाही.

ब्लॉट मात्र सरासरी सांगतो. 20 टक्के लॅमिन उरलं म्हणजे प्रत्येक पेशीत 20 टक्के आहे, की 80 टक्के पेशींतून ते गेलंय आणि उरलेल्यांत पूर्ण आहे? याचं उत्तर इम्युनोफ्लुओरेसन्समध्येच (अँटिबॉडीने पेशी रंगवून पाहण्यात) मिळतं. साध्या हेलात प्रत्येक केंद्रकाभोवती लॅमिनची धारदार, उजळ कडा दिसते. चांगल्या नॉकडाउनमध्ये डीएपीआयने निळं झालेलं केंद्रक जागेवर असतं, लॅमिन बी1 या वेगळ्या जनुकाच्या लॅमिनची कडाही असते, फक्त ए/सीची कडा पुसट झालेली असते. निळ्या केंद्रकांच्या थरात मध्येच एखादं पूर्ण उजळ कडेचं केंद्रक दिसलं, तर ती पेशी ट्रान्सफेक्शनमधून सुटलेली आहे. अशा पेशी बऱ्याच असतील तर लिपिड, पेशींची घनता आणि मिश्रणाची वेळ यांवर काम करावं, एसआयआरएनएवर नाही. सगळ्याच कडा सारख्या मंद असतील तर उलट: आत सगळीकडे पोचलंय, पण कापण्याचं काम किंवा थांबण्याचा वेळ कमी पडतोय.

एवढं स्थिर झाल्यावर मात्रेची मोजणी: 0.1, 0.3, 1, 3, 10 आणि 30 नॅनोमोलर, लिपिड सगळीकडे तेवढंच. एकूण आरएनए सारखा राहावा म्हणून उरलेली मात्रा लक्ष्यहीन एसआयआरएनएने भरावी, नाहीतर लिपिड आणि आरएनए यांचं गुणोत्तर प्रत्येक वेलमध्ये बदलतं. मात्र भरतीचा एसआयआरएनएही अर्गोनॉटसाठी स्पर्धा करतो, त्यामुळे खालच्या मात्रांचा परिणाम थोडा कमी दिसतो हे ध्यानात असू द्यावं. आलेख जिथे सपाट व्हायला लागतो तिथली मात्रा घ्यावी. सपाट भागात पुढे कितीही गेलं तरी लॅमिन आणखी कमी होत नाही, सीडचे उपद्रव तेवढे वाढतात. लक्ष्यहीन नियंत्रणातच पेशी मरत असतील, तर आयएफआयटी1 आणि ओएएस1 यांचा एमआरएनए मोजावा. ते चढलेले असतील तर इंटरफेरॉनची यंत्रणा जागी झाली आहे. ते जागच्या जागी असतील तर लिपिड निम्मं करून पाहावं.

आता खरा कस. लॅमिन गेल्यावर केंद्रकांचा आकार वेडावाकडा झाला, तर तो लॅमिनमुळेच कशावरून? वेगळ्या सीडचे निदान दोन, शक्यतो तीन एसआयआरएनए तोच परिणाम देतात का, हे पाहणं अनिवार्य. चारांचं मिश्रण मागवलं असेल तर ते सुटेसुटेही तपासावेत. त्याहून नेमकं नियंत्रण सी911: गाइडची 9, 10 आणि 11 ही अक्षरं पूरक अक्षरांनी बदलायची. आपल्या गाइडमध्ये तिथे यू, जी, जी आहे, ते ए, सी, सी करायचं आणि सेन्स धाग्यातही तसाच जोड बदल करायचा. सीड तीच राहते, पण कापाच्या जागी जुळणी मोडल्यामुळे लॅमिन कापलं जात नाही. या सी911 नेही केंद्रकं वाकडी झाली, तर तो परिणाम सीडचा आहे आणि तो एसआयआरएनए बाजूला ठेवायचा. या नियंत्रणाला एक एसआयआरएनए मागवण्याइतकाच खर्च येतो, तरी ते फार कमी जण करतात. हे आम्हाला मनापासून खटकतं.

शेवटची पायरी म्हणजे लॅमिन परत आणणं. आपला क्रम वाचनचौकटीत नेमका कोडॉनच्या सुरुवातीपासून बसतो: सीटीजी, जीएसी, टीटीसी, सीएजी, एएजी, एएसी, म्हणजे ल्युसिन, अस्पार्टिक आम्ल, फिनाइलअलानिन, ग्लुटामिन, लायसिन, अस्पॅराजिन. परत घालायच्या सीडीएनएत हेच सीटीसी, जीएटी, टीटीटी, सीएए, एएजी, एएटी असं लिहायचं. प्रथिन तेच राहतं, पण पाच अक्षरं बदलल्यामुळे एसआयआरएनए त्याला कापू शकत नाही. दोन गोष्टी सांभाळायच्या. लॅमिन ए च्या सीडीएनएतून लॅमिन सी बनत नाही, त्यामुळे दोघांपैकी कोण हवंय ते आधी ठरवावं. आणि लॅमिन गरजेपेक्षा जास्त बनलं तरी केंद्रकं वाकडीच होतात. म्हणून सीएमव्हीसारखा जोरकस प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) टाळून डॉक्सिसायक्लिन या औषधाने चालणारा घ्यावा आणि मात्रा अशी ठेवावी की नव्याचा बँड मूळ बँडइतकाच भरेल. जीएफपी हे चमकणारं प्रथिन जोडलेलं लॅमिन ए 100 किलोडाल्टनच्या आसपास धावतं, त्यामुळे एकाच ब्लॉटवर मूळचं गेलेलं आणि नवं आलेलं शेजारी शेजारी मोजता येतं.

आठवड्याहून जास्त काळ लॅमिन दाबून ठेवायचं असेल तर पुन्हा पुन्हा ट्रान्सफेक्शन करण्यापेक्षा लेंटिव्हायरस या वाहक विषाणूमधून शॉर्ट हेअरपिन (पेशीतच एसआयआरएनए बनवणारा दुमडलेला आरएनए) द्यावा. तिथे यू6 प्रमोटर वापरणार असाल तर क्रमात सलग चार टी नकोत, कारण आरएनए पॉलिमरेज-3 तिथेच थांबतं. एका पेशीत फार प्रती जाऊ नयेत म्हणून विषाणूचं प्रमाण एमओआय (पेशीमागे विषाणू) 0.3 च्या आसपास ठेवावं. हेअरपिनचा पूर आला तर पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए एक्सपोर्टिन-5 या केंद्रकाबाहेर नेणाऱ्या प्रथिनापाशी अडतात. 2006 मध्ये उंदरांच्या यकृतात याच कारणाने प्राणी दगावल्याचं नोंदलं गेलं आहे. मायक्रोआरएनए-30 च्या सांगाड्यात बसवलेला हेअरपिन या बाबतीत जास्त सौम्य. विषाणू न शिरलेल्या पेशी मारणारं प्युरोमायसिन लावण्याआधी त्याच हेलावर 0.5 ते 3 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरची मारक मोजणी करावी आणि विषाणू न दिलेल्या सगळ्या पेशी तीन दिवसांत मारणारी सगळ्यात कमी मात्रा वापरावी.